वडिलांच्या हाती पुन्हा चिमटा

वडिलांना भेट काय द्यावी, असे दवाखान्यात मला पुष्कळदा विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलेच असते : रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र, गुडघ्याचा पट्टा. ही साधने उपयुक्त आहेत. त्यांतील काही मी स्वतःच सुचवतो. परंतु पंच्याहत्तरीच्या गृहस्थाला दर वाढदिवसाला आणि दर दिवाळीला अशीच वस्तू मिळत राहिली, तर या घरात आपली ओळख आता रुग्ण एवढीच उरली आहे, असा अर्थ तो काढतो आणि मनातल्या मनात मिटत जातो. म्हणून या अंकात एका वेगळ्या भेटीविषयी लिहितो : विस्तवावर भाजण्याच्या साहित्याची टोपली.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत घरातली चूल स्त्रियांनी सांभाळली, पण उघड्यावरचा विस्तव बहुतेक पुरुषांच्या ताब्यात राहिला. शेतावर गोवऱ्या रचून रोडगे लावणे, पळसाच्या पानांत पानगे भाजणे, वरोरा-भद्रावतीकडे थंडीत ज्वारीचा हुरडा पाडणे, हरभऱ्याचा हुळा करणे, मालगुजारी तलावातून आलेली मासळी निखाऱ्यावर धरणे, ही कामे आजच्या सत्तर-ऐंशीच्या पिढीने तरुणपणी आवडीने केली. गोवरी कधी लावायची, निखारा केव्हा तयार झाला, रोडगा कधी उलटायचा, हे त्यांना विचारावे लागत नसे; लोक त्यांना विचारीत. पुढे शेत वाटणीत गेले किंवा दुसऱ्याला कसायला दिले, मुले नागपूर-पुण्याला स्थिरावली आणि हे जाणते हात दूरचित्रवाणीच्या रिमोटपुरते उरले. त्या हातांत चिमटा परत देणे, हा या भेटीचा हेतू आहे.

शहरांतील दुकानांत बार्बेक्यूचा तयार संच मिळतो. त्यातली एकच गोष्ट मला मनापासून घ्यावीशी वाटते : ती शेगडी उंच असते आणि माणूस उभ्याने किंवा खुर्चीवर बसून भाजतो. आपली पारंपरिक मांडणी जमिनीवरची. उकिडवे बसून निखाऱ्यावर वाकणे आणि मग झटकन उठणे, हे म्हाताऱ्या शरीराला धोक्याचे आहे. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमुळे, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, उठताक्षणी रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. तो विस्तवासमोर गेला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून साध्या लोखंडी शेगडीला सुमारे अडीच फूट उंचीचे, पसरट पायांचे स्टँड करून घ्या. शेजारी हात टेकता येतील अशी, दोन्ही बाजूंना हात असलेली भक्कम खुर्ची ठेवा. साऱ्या भेटीत खर्च करावा तो इथे.

चिमटा लोहाराकडूनच घ्या, निदान दीड फूट लांबीचा. संधिवाताने बोटे आखडली असतील किंवा हात थरथरत असेल, तर त्याच्या मुठीवर सुती कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा. जाड मूठ धरायला सोपी जाते. सोबत बारीक छिद्रांची जाळी, सांडशी, जाड सुती हातमोजे आणि झाकण असलेली मातीची घागर, तीत वाळू. टोपली मात्र बांबूचीच हवी. बुरूड कारागिरांच्या हातची मिळाली तर उत्तमच. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे आपल्या भागातील बांबूकामाला आता नवे रूपही आले आहे.

इंधनाबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडे कोळसा म्हटला की खाणीतला दगडी कोळसा डोळ्यांपुढे येतो आणि तो अनेक घरांत सहज उपलब्धही असतो. त्यावर अन्न भाजू नये. त्याच्या धुरात गंधकाची संयुगे असतात. दम्याच्या आणि जुनाट श्वासरोगाच्या माणसाची छाती त्याने तासाभरात भरून येते. लाकडी कोळसा किंवा नीट वाळलेल्या गोवऱ्या घ्या. गोवरीचाही धूर काही निर्मळ नसतो, म्हणून ज्वाला आणि धूर पूर्ण ओसरून नुसते लाल निखारे उरेपर्यंत वडिलांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दूर बसावे. पेटवण्याचे काम मुलाने किंवा नातवाने करावे. कापराची वडी पुरे; रॉकेल वा पेट्रोल ओतू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हिवाळ्यात भाजणे संपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून खोलीत नेण्याची आपल्याकडे सवय आहे. बंद खोलीत त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. शेगडी अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच राहील, हे भेट देतानाच ठरवून टाका. घरात कोणी प्राणवायूच्या यंत्रावर असेल, तर त्या व्यक्तीला आणि यंत्राला विस्तवाच्या जवळपासही आणू नका.

अनेक घरांत ही मेजवानी जंगलाच्या कडेला नेण्याची हौस असते. ती आवरावी. राखीव वनात विस्तव पेटवण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये मनाई आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्यांचा हंगाम मानला जातो. वाघ-बिबट्यांविषयी या भागातील वाचकांना मी काय सांगावे! आपले अंगण पुरेसे आहे.

याच कारणाने जूनच्या तिसऱ्या रविवारी येणारा पितृदिन या भेटीसाठी मला गैरसोयीचा वाटतो. तेव्हा एकतर उन्हाची काहिली असते किंवा मृगाचा पाऊस लागलेला असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वृद्धाला विस्तवापुढे बसवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ निवडा. तेव्हा वांगी कोवळी असतात, रताळी येतात, हरभरा भरतो. चंद्रपूर शहरात हिवाळ्यात सकाळची हवा मात्र धुरकट असते, म्हणून तिथे दुपार धरावी.

आता ताटाकडे वळू. मधुमेह असलेल्या वडिलांनी रोडगा खाऊच नये, असे मी म्हणणार नाही. एक रोडगा, त्यावर मोजून चमचाभर तूप, भरपूर वांग्याची भाजी आणि वाटीभर वरण, हे जेवण बहुतेकांना मानवते. खरी अडचण वेळेची असते. रोडगे भाजून निघायला तास सहज जातो; गप्पांत दीड तासही जातो. जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी नेहमीच्या घड्याळाने घेतली आणि ताट उशिरा आले, तर साखर एकदम उतरते : घाम, थरथर, गोंधळ. औषधाची वेळ ताटाशी जुळवावी आणि हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. टोपलीत साखरेची पुडी असू द्या.

मांसाहारी घरांत कोंबडी किंवा मासळी आधी वाफवून घ्यावी आणि निखाऱ्यावर थोडाच वेळ धरावी. त्याने दोन गोष्टी साधतात. मांस आतपर्यंत शिजते. उतारवयात कच्च्या मांसातील जंतूंचा त्रास लवकर आणि तीव्र होतो. शिवाय ते करपत नाही. करपलेल्या मांसात कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली रसायने तयार होतात. काळा झालेला भाग खरवडून टाकावा. कवळी लावणाऱ्यांसाठी रोडग्याचे कडक कवच काढून आतला मऊ भाग वरणात कुस्करावा.

बाटलीबंद सॉस आणि तयार मसाल्याची पाकिटे टोपलीत मुळीच घालू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ घ्यावे. या सॉसचे दोन-तीन चमचे त्यातला मोठा वाटा घेऊन बसतात. वयाबरोबर वास आणि चव मंदावते, म्हणून वडीलधारी माणसे मीठ वाढवत जातात. त्याऐवजी लिंबू, भाजलेले जिरे, लसूण, जवसाची कमी मिठाची चटणी यांच्या छोट्या बरण्या ठेवा. आणि हो, अशा बैठकीला ‘पार्टी’ म्हणताच काहींना जे आठवते, ते टोपलीत नको. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, पण विस्तव, मधुमेहाची गोळी आणि मद्य यांचे वैर कायम आहे. खर्ऱ्याचेही तेच.

वडिलांनी सुती कपडे आणि बंद पायताण घालावे. लोंबणारी शाल किंवा नायलॉनचे जाकीट नको. मधुमेहाने पायांची जाणीव गेलेल्या माणसाला निखारा पायावर पडल्याचेही कळत नाही. मेजवानीनंतर त्यांचे तळपाय उजेडात पाहून घ्या. भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नका. फोड तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय वा सांधा भाजला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टोपलीत सर्वांत वर एक कागद ठेवा आणि त्यावर तारीख लिहा : आम्ही सारे अमुक रविवारी येतो, बाबा, भाजायचे तुम्ही. साहित्य पाठवून मुले आली नाहीत, तर तीच शेगडी कोठीत गंजताना मी पाहिली आहे. त्या दिवशी पेटवणे, वाकणे, उचलणे ही कामे तरुणांनी करावीत. रोडगा कधी उलटायचा, हे मात्र वडिलांनाच ठरवू द्यावे. एखादा करपला तर करपू द्या, तेवढा बाजूला काढता येतो. नातवंडांना त्यांच्याशेजारी बसवा, पण विस्तवापासून हातभर लांब.

निवडणे-आवरणे संपले की निखाऱ्यांवर घागरीतली वाळू ओता. वर राख गार दिसली तरी आत विस्तव रात्रभर धुमसत राहतो, म्हणून ती सकाळीच उचला आणि तोवर शेगडीभोवती लहान मुले व गुरेढोरे फिरकणार नाहीत, अशी आडकाठी लावून ठेवा.