गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून हाताने टाके घालून शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. तिला वाकळ असेही म्हणतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासह मराठवाड्यात व उर्वरित महाराष्ट्रात ती घरोघरी शिवली जात असे. तान्ह्या बाळासाठी शिवलेल्या लहान व मऊ गोधडीला दुपटे म्हणतात.

साहित्य

लुगडी, धोतरे, सदरे व परकर यांचे वापरून विरलेले कापड गोधडीसाठी घेतात. नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले, की एका लुगड्यातून साधारण दोन थर निघतात. फाटके कापड आतील थरांत जाते, तर बरे कापड, काठ व पदर दर्शनी बाजूस लावतात. याशिवाय सुई किंवा दाभण आणि जाड सुती दोरा एवढेच साहित्य लागते.

शिवण्याची पद्धत

कापड धुऊन वाळवल्यावर त्याचे थर जमिनीवर ताणून पसरतात. ते सरकू नयेत म्हणून आधी लांब, कच्चे टाके घालतात. कडा आत दुमडून शिवल्यावर सर्व थरांतून धावदोरा घातला जातो. शिवण बहुधा कडेकडून मध्याकडे, चौकोनी फेऱ्यांनी सरकते. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ होते. एखादी जागा विरल्यास ठिगळ लावून पुन्हा टाके घालतात.

समान प्रकार

कर्नाटकात अशा पांघरुणास कौदी म्हणतात. धाराशिव जिल्ह्याची सीमा त्या राज्यातील बीदर व कलबुरगी जिल्ह्यांना लागून आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कोपऱ्यांवर घडीचे त्रिकोणी तुकडे लावतात. बंगालमधील कांथा व बिहारमधील सुजनी यांतही धावदोराच मुख्य असतो. अमेरिकेतील ‘यो-यो’ प्रकारात तोच टाका वेगळ्या रीतीने वापरतात. कापडाच्या गोल तुकड्याच्या कडेने धावदोरा घालून तो ओढतात आणि तयार झालेल्या चुणीदार चकत्या एकमेकींना जोडतात. इंग्लंडमध्ये या चकतीला ‘सफक पफ’ म्हणतात. त्या शोभेच्या असतात. गोधडीत मात्र टाका न ओढता सपाट ठेवल्याने थर घट्ट बसतात.

सामाजिक संदर्भ

रब्बीची कामे संपल्यावर, पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात गोधड्या शिवण्यास सवड मिळते. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे असून एकाच गोधडीवर दोघी-तिघी बसून शिवतात. आजीच्या किंवा आईच्या लुगड्याची गोधडी ही तिची आठवण म्हणून जपली जाते. नवरात्रापूर्वी घरातील सर्व गोधड्या नदी-ओढ्यावर धुण्याची प्रथा आहे. अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात दुष्काळी वर्षी हे काम अवघड होते, कारण भिजलेली गोधडी जड होते व तिला पाणीही भरपूर लागते. ठिगळांचे वस्त्र पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत.

सद्यस्थिती

तयार ब्लँकेट व रजया सहज मिळू लागल्याने घरगुती शिवण कमी झाली आहे. नऊवारीची जागा कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतल्यामुळे योग्य कापडही दुर्मीळ झाले. असे कापड घाम शोषत नाही आणि शिवताना थरांतून निसटते. दुसरीकडे, शहरांत गोधडीला हस्तकलेची वस्तू म्हणून मागणी आहे. विक्रीच्या गोधड्यांसाठी अनेकदा नवे कापड वापरले जाते. त्यामुळे टाका टिकून राहतो. परंतु घरातील जुन्या वस्त्राला पुन्हा उपयोगात आणण्याचा मूळ हेतू मागे पडतो.