पत्र्यावरचे दगड

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीच अंगावर आल्या. धान्य, औषधे लवकर पोचली. पक्क्या घरासाठी मात्र कित्येकांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले.

कोयनेचे धक्के सांगलीपर्यंत जाणवतात. म्हणून आम्ही वस्तीत सांगतो: पत्र्यावरचे दगड उतरवा, पत्रा वाशाला हुकाने आवळा. लेकरांची अंथरुणे तडा गेलेल्या भिंतीपासून लांब घाला.

धक्क्यानंतर पाणी उकळूनच प्या. फुटक्या नळात गटार शिरते, मग जुलाब, कावीळ. जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. आणि लेकरू रात्री दचकू लागले, अंथरूण ओले करू लागले, तर रागावू नका. जवळ घेऊन झोपा.