मशीन चांगलं आहे, नळी बदला

घड्याळाच्या दुकानात कानाच्या मशीनसाठी सेल मागितला, तर अनेकदा एलआर४४ हातावर ठेवला जातो. व्यास ११.६ मिलिमीटर, जाडी ५.४ मिलिमीटर. जास्त ताकदीच्या कानामागच्या मशीनला लागणारा ६७५ नंबरचा सेलही मापाने असाच असतो. त्यामुळे एलआर४४ खणात नीट बसतो, मशीन सुरूही होतं. थोड्याच दिवसांत आवाज खालावतो, घरचे म्हणतात, "मशीनमध्येच दम नाही," आणि मशीन कपाटात जातं.

६७५ नंबरच्या सेलचं आंतरराष्ट्रीय नाव आहे पीआर४४. एका अक्षराचा फरक, पण आतलं रसायन वेगळं. एलआर४४ हा अल्कलाइन सेल. क्रियेचे दोन्ही भागीदार, जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड, त्याच्या डबीतच कोंबलेले असतात. पीआर४४ मध्ये दुसरा भागीदार बाहेरून येतो, तो म्हणजे हवेतला ऑक्सिजन. मग जवळजवळ सगळी डबी जस्तानेच भरता येते आणि तेवढ्याच आकारात साधारण चौपट वीज साठते. शिवाय एलआर४४चं व्होल्टेज वापरागणिक उतरत जातं, तर जस्त-हवा सेल संपत येईपर्यंत जवळपास एकाच पातळीवर चालतो. अशीच जोडी छोट्या सेलमध्येही आहे: एलआर४१ आणि ३१२ नंबरचा पीआर४१. दुकानात नाव सांगता आलं नाही तरी रंग सांगता येतो. ६७५चं लेबल निळं, १३चं नारिंगी, ३१२चं तपकिरी, १०चं पिवळं. कंपनी कोणतीही असो, हे रंग तेच राहतात.

ते लेबल ओढलं की सेलच्या पाठीवरची बारीक छिद्रं उघडतात आणि हवा आत शिरू लागते. लेबल काढल्यावर सेल मिनिट-दोन मिनिटं बाहेरच ठेवावा, मग बसवावा. एकदा उघडलेला सेल पुन्हा लेबल चिकटवून जपता येत नाही. त्याच छिद्रांतून आतल्या द्रावणातलं पाणीही उडतं, आणि हिंगोलीसारख्या ठिकाणी एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते लवकर उडतं. म्हणून गरज लागेपर्यंत लेबल काढूच नये. खणाचं झाकण सैल झालं म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, तर सेलचा श्वासच कोंडतो. अशा वेळी त्याच मॉडेलचं नवं झाकण मागवावं.

सेल बरोबर असूनही मशीन शिट्टी मारत असेल किंवा "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार असेल, तर नळीकडे पाहावं. माझ्या मते या यंत्राचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. कानामागच्या पेटीत आवाज मोठा होतो. तिथून तो आधी वाकड्या हुकातून, मग पारदर्शक नळीतून आणि शेवटी कानाच्या मापाने घडवलेल्या मोल्डमधून पडद्यापर्यंत पोहोचतो. हा सगळा मार्ग जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा. पण बासरीची लांबी बदलली की सूर बदलतो, तसंच इथेही होतं. एवढ्या लांबीची हवा १,००० हर्ट्झच्या आसपास आणि पुढे ३,००० हर्ट्झजवळ आपणहून जास्त घुमते. नळी किती लांब, किती रुंद, यावर कोणते आवाज उठून येतील आणि कोणते दबतील हे ठरतं.

मोल्डबरोबर येणाऱ्या जाड नळीचं रूढ माप म्हणजे १३ नंबर, आतला व्यास १.९३ मिलिमीटर. सलाईनच्या सेटची नळी दिसायला तशीच असते, म्हणून ती कापून लावावी असं वाटणं साहजिक आहे. पण तिचा व्यास वेगळा असतो. ती हुकावर घट्ट बसत नाही, आवाज सांध्यातून गळतो, गळलेला आवाज मशीनच्या माइकमध्ये परत शिरतो आणि पुन्हा मोठा होतो. शिट्टी म्हणजे हाच फेरा. जास्त ताकदीच्या मशीनला जाड भिंतीची नळी लावतात, कारण पातळ भिंतीतूनसुद्धा आवाज बाहेर झिरपतो.

नळी पीव्हीसीची असते. ती मऊ राहावी म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ घाम, त्वचेचं तेल आणि उष्णता यांमुळे हळूहळू निघून जातात. नळी पिवळी पडते, कडक होते, आखडते. आखडलेली नळी मोल्डला कानातून किंचित बाहेर ओढते आणि पुन्हा गळती सुरू होते. तीन ते सहा महिन्यांनी नळी बदलायची, हा सर्वसाधारण नियम आहे. ती शेतात घाम गाळणाऱ्या माणसाच्या कानावर असेल तर लवकरच्या मुदतीवर विश्वास ठेवावा.

नळीमुळे पातळ, म्हणजे उंच वारंवारतेचा आवाज हरवला की काय होतं? स्वर ठसठशीत असतात, ते ऐकू येतात. व्यंजनं मात्र क्षीण असतात, आणि 'स', 'श' यांची ओळख तर उंच वारंवारतेतच दडलेली असते. डॉक्टरांनी "ताप आहे का?" विचारलं आणि रुग्णाला फक्त 'आ' ऐकू आला, तर तो ताप, साप, माप यांतलं काय समजेल? माणूस ऐकण्याचा कंटाळा करतोय, असं घरच्यांनी ठरवण्याआधी नळी वाकवून बघावी.

हुक बदलताना एक गोष्ट हमखास निसटते. काही हुकांच्या आत बारीक जाळीचा डँपर बसवलेला असतो. १,००० हर्ट्झजवळचं ते घुमणं सपाट करणं हे त्याचं काम. तो ओला झाला किंवा मळला तर आवाज मंद होतो. उलट डँपर असलेल्या हुकाच्या जागी साधा हुक बसवला, तर आवाज कर्कश होतो आणि शिट्टी वाढते. म्हणून जुना हुक टाकू नये, तो दाखवून तसाच मागावा.

बारीक नळी आणि रबरी टोपी असलेल्या मशीनची गोष्ट निराळी. तिथे नळीवर लांबीचा आकडा असतो, आणि उजव्या कानाची खूण लाल, डाव्याची निळी. टोपीला छिद्रं असतील तर जाड आवाज बाहेर सुटतो आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमत नाही. पण जास्त बहिरेपणाला ती चालत नाही, तिथे बंद टोपी किंवा मोल्डच हवा. जाड नळी काढून बारीक लावायची असेल, तर डिजिटल मशीनमध्ये संगणकावरून तशी नोंद करून घ्यावी लागते. नुसता भाग बदलून भागत नाही.

वसमत, कळमनुरी भागात हळद शिजवून, वाळवून पॉलिश करण्याच्या दिवसांत हवेत पिवळी भुकटी असते. माइकचं तोंड आणि सेलच्या खणाची फट, दोन्ही तिच्यासाठी मोकळी. पॉलिशच्या ड्रमजवळ मशीन काढून डबीत ठेवावं. तिथला खडखडाटही ते मोठाच करणार. रात्री कोरड्या ब्रशने पुसावं, पाण्याने नाही. पावसाळ्यात नळीत दवाचा एखादा थेंब अडकला तरी आवाज बंद पडतो. तेव्हा नळी हुकापासून सोडवून फुंकर मारायची आणि रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

मशीन मिळण्याचे मार्ग वाढले आहेत. केंद्राची एडिप योजना १९८१ पासूनची, राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. या योजनांतलं बरंच साहित्य कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी ३,००० रुपये खात्यात मिळतात. माझी मागणी अशी, की प्रत्येक मशीनबरोबर वर्षभराच्या नळ्या द्याव्यात आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १३ नंबरच्या नळीचं एक वेटोळं कायम असावं. हा भाग काही रुपयांचा आहे. त्यासाठी औंढ्याच्या म्हातारीला नांदेडची बस धरावी लागू नये.

लहान मुलांचं तर नळीवरही भागत नाही. कान वाढतो, मोल्ड सैल होतो, आणि तान्ह्या बाळाला काही महिन्यांतच नवा मोल्ड लागतो. त्यासाठी कानाचं माप नव्यानेच घ्यावं लागतं, जुना मोल्ड पाठवून नवा मागवता येत नाही. बाकी भागांसाठी ऑडिऑलॉजिस्टकडे जाताना तुटलेला तुकडा, मोल्ड, सेलचं रिकामं पाकीट आणि मशीनचा मॉडेल नंबर लिहिलेला कागद सोबत न्यावा. दोन्ही कानांना मशीन असेल तर दोन्ही न्यावीत, कारण एक नळी कडक झाली असेल तर दुसरीही तितकीच जुनी असते.