वेशीपाशी भरणारा इतिहासाचा तास

सांस्कृतिक वारसा या संज्ञेत जुन्या वास्तू आणि वस्तू जशा येतात, तशाच आजही चालू असलेल्या रीती, बोली आणि कारागिरीही येतात. माध्यमिक शाळेत मात्र हा वारसा बहुधा पाठांतराचा विषय होऊन बसतो. वास्तविक २०१८ पासूनच्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'उपयोजित इतिहास' आणि 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि फळ्यापुढे बसून ती पुरती कळणे अवघडच आहे. प्रथम प्रत्यक्ष कृती, मग तिच्यावर विचार आणि त्यातून निष्कर्ष, अशा क्रमाने होणाऱ्या शिक्षणाला अनुभवाधिष्ठित अध्ययन म्हणतात. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी त्याची मांडणी केली, तर हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभारणारी गांधीजींची नयी तालीम १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेपुढे आली. विदर्भाला हा विचार उपरा नाही.

अकोल्यातील जठारपेठेच्या विद्यार्थ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेले की औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जाणारा असदगड लागतो. जुन्या तटाच्या अगरवेस आणि दहीहांडा वेस या वेशींची नावे तालुक्यातील गावांवरून आली आहेत. तालुक्याच्या नकाशावर ती गावे शोधून वेशीपासून तिकडे रेघ ओढणाऱ्या मुलाला, शहर कोणत्या वाटांनी भोवतालच्या मुलखाशी जोडलेले होते, हे कोणी सांगावे लागत नाही. बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाजवळचा किल्ला विटांचा आहे. तिथे विटेची लांबी-रुंदी मोजून नोंद करणे हे नुसत्या सहलीहून निराळे काम आहे, कारण सहलीत डबा आणि फोटो यापलीकडे बहुधा काही उरत नाही.

जिवंत परंपरेचा अभ्यास याहून कठीण, आणि म्हणूनच अधिक मोलाचा. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी शिवभक्त मंडळे सुमारे १८ किलोमीटरवरील गांधीग्रामहून पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून अकोल्याचे ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. कावडीच्या घागरींना अकोल्यात 'भरणे' म्हणतात, आणि कोणाची कावड किती भरण्यांची यावर शहरात चर्चा रंगते. विद्यार्थ्यांनी मिरवणूक पाहून निबंध लिहावा, एवढ्यावर हा अभ्यास थांबता कामा नये. भरणे बांबूला कसे बांधतात, दोन्ही बाजूंचा भार कसा तोलतात, खांदा कधी आणि कोणत्या इशाऱ्यावर बदलतात, हे त्यांनी जाणकारांना विचारावे, आकृती काढावी आणि रिकामी कावड स्वतः उचलून पाहावी. दोन मंडळांतल्या वडीलधाऱ्यांनी प्रथेच्या आरंभाविषयी वेगवेगळी हकिकत सांगितली, तर शिक्षकाने त्यातली एक घाईने खोडू नये. दोन्ही नोंदवून, कोणती माहिती ऐकीव आणि कोणती कागदोपत्री आढळते, हे विद्यार्थ्यालाच वहीत वेगळे मांडू द्यावे, आणि गुण द्यायचे ते या मांडणीला द्यावेत.