घर उघडलं, राखायचं कोणी?

कुर्डुवाडी वाढली ती रेल्वेवर. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे इथून बार्शीकडे निघाली. पुढे तिचे फाटे पंढरपूर, लातूर आणि 1927 पर्यंत मिरजेला पोचले. 1954 मध्ये ती सरकारने घेतली, आणि या शतकात तिचे रूळही रुंद झाले. रेल्वेच्या गावात माणसं नेमण्याची एक रीत अंगवळणी पडते. फाटक म्हटलं की पाळ्या आल्या, रजेवर गेलेल्याच्या जागी बदली माणूस आला. नुसतं फाटक उभारून कोणी निघून जात नाही.

ऐतिहासिक घरं लोकांसाठी खुली करण्याच्या गेल्या सत्तर वर्षांत ही रीत आपण पुरेशी पाळली नाही, असं मला वाटतं. दुरुस्तीला निधी मिळतो, कोनशिला बसते. रोज सकाळी कुलूप काढणाऱ्याच्या पगाराचं काय, हा प्रश्न मागे राहतो.

मुंबईचं मणिभवन वेगळं ठरलं. गांधीजी 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की तिथे उतरत. 1955 मध्ये ते स्मारक झालं. तिथे वाचनालय आहे, म्हणजे पुस्तकं सांभाळणारे हवेत आणि रोज येणारे वाचकही. घर जिवंत राहिलं ते या कामामुळे, असं मी मानतो.

आमच्या जिल्ह्यातलं घर सोलापूरला, भैय्या चौकात आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये सोलापुरात जन्मले. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. महापालिकेने त्यांच्या घराचं स्मारक केलं आणि 2012 मध्ये ते खुलं झालं. अशा घराला काय काय लागतं, ते कागदावर मांडून पाहावं. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हात फोटो विटतात, म्हणून दुपारी पडदे ओढणारा हवा. पावसाळ्याआधी छत आणि लाकडातली वाळवी पाहणारा हवा. शाळेची सहल आली की साठ मुलांचे तीन गट पाडून त्यांना फिरवणारा हवा, स्वच्छतागृह स्वच्छ ठेवणारा हवा. आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे माहितगार. सातवीतल्या मुलाला युद्धभूमीवरची शस्त्रक्रिया म्हणजे काय हे समजावता आलं पाहिजे, आणि चीनहून आलेल्या पाहुण्यासमोर ग्वो छिंगलान, म्हणजे कोटणीसांच्या पत्नी, यांचं नाव नीट उच्चारता आलं पाहिजे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असा माणूस घडत नाही. तयार होईतो त्याची मुदत संपते.

लंडनमध्ये तर अडचण आणखी निराळी होती. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतलं आणि त्याच वर्षी त्याचं उद्घाटनही झालं. मात्र राहत्या घराचं संग्रहालय करायची परवानगी तिथल्या स्थानिक परिषदेने नाकारली, शेजाऱ्यांनीही हरकत घेतली. परवानगी मिळाली ती 2020 मध्ये. घर चालवायचं म्हणजे शेजाऱ्यांनाही सांभाळून घ्यायचं, हे त्या पाच वर्षांनी दाखवलं.

कुर्डुवाडीत रेल्वेचं एखादं जुनं घर उद्या खुलं करायचं ठरलं, तर सुरुवात माणसांपासून व्हावी. छोट्या गाडीवर काम केलेले लोक आता म्हातारे झालेत. इंजिनात पाणी कसं भरत आणि वारीच्या दिवसांत गाडीला कशी झुंबड उडे, हे त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. त्यांना मानधन द्यावं, त्यांच्या हाताखाली गावातली दोन मुलं कायम पगारावर नेमावीत. भिंतींचा रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल.