मुलाचा रक्तगट आईवडिलांपेक्षा वेगळा कसा?

आईचा रक्तगट ए, वडिलांचा बी आणि बाळाचा ओ. दवाखान्याच्या कागदावर असे लिहून आले की काही घरांत कुजबुज सुरू होते आणि बोट आईकडे वळते. यात वावगे काहीच नसते. रक्तगटाचा वारसा कसा चालतो हे एकदा नीट समजून घेतले, तर ही शंका मुळातच उरत नाही.

आधी तपासणी पाहू. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घेतात. एकात ए ओळखणारा द्रव मिसळतात, दुसऱ्यात बी ओळखणारा. पट्टी हलकेच हलवली की थोड्याच वेळात एखादा थेंब दाणेदार होतो, त्यात लाल गुठळ्या दिसू लागतात. ए द्रवात गुठळ्या झाल्या तर गट ए, बी द्रवात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी आणि कुठेच झाल्या नाहीत तर ओ. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात यांतले तीन गट वेगळे ओळखले. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये सापडला.

गुठळ्या होतात त्या लाल पेशींवरच्या खुणांमुळे. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. पायाभूत साखळीला एच म्हणतात. नवव्या गुणसूत्रावरचे एक जनुक तिच्या टोकाला पुढची शर्करा जोडायचे काम करवते. त्याचा ए प्रकार एक शर्करा जोडतो, बी प्रकार दुसरी. ओ प्रकारात सहसा डीएनएचे एकच अक्षर गळालेले असते. पण तेवढ्याने पुढचे सगळे वाचन बिघडते, काहीच जोडले जात नाही आणि एच साखळी तशीच राहते.

या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. ए आणि बी एकत्र आले तर दोन्ही दिसतात. ओ मात्र त्यांच्यापुढे झाकला जातो. म्हणून ज्याच्याकडे ए-ए आहे आणि ज्याच्याकडे ए-ओ आहे, त्या दोघांच्याही कागदावर ए एवढेच येते.

आता सुरुवातीचे कुटुंब घ्या. आई ए-ओ, वडील बी-ओ. दोघेही आपल्याकडचे एकेकच जनुक बाळाला देतात. आईचा ए आणि वडिलांचा बी आला तर बाळ एबी. ए आणि ओ आले तर ए. ओ आणि बी आले तर बी. दोघांकडूनही ओ आला तर ओ. चारही शक्यता सारख्याच, प्रत्येकी २५ टक्के, आणि प्रत्येक गरोदरपणात हा हिशेब नव्याने सुरू होतो. आरएचचेही, म्हणजे गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याचेही, असेच आहे. त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असते आणि निगेटिव्ह झाकले जाते, म्हणून दोघे पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते.

याच नियमाने पाहिले तर दोघे ओ असताना मूल बी होऊ नये. पण इथेही घाई नको. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या एका वेगळ्याच रक्ताची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तोच आज बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींत पायाभूत एच साखळीच तयार होत नाही. ती तयार करणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतात. साखळीच नाही, तर ए किंवा बीची शर्करा जोडायची कशाला? साध्या तपासणीत गट ओ दिसतो. आतले बी जनुक मात्र शाबूत असू शकते. अशा आईने बी दिला आणि ओ गटाच्या वडिलांकडून एचचे चांगले जनुक आले, तर मुलात बी उमटतो.

म्हणून रक्तगटाच्या कागदावरून नात्याचा निवाडा करू नये. गट जुळत नसेल तर आधी रक्तपेढीत फेरतपासणी करून घ्यावी आणि एचचीही चाचणी मागावी. नात्याचाच प्रश्न असेल तर उत्तर डीएनए तपासणी देते.

बॉम्बे गट निघाला, तर भावंडांचीही तपासणी लगेच करून घ्यावी. या गटाच्या रुग्णाला ओ रक्तही चालत नाही, कारण त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्ये एच साखळीवर तुटून पडतात. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. आईवडील दोघांकडे निकामी प्रत लपलेली असेल, तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक. बाहेर हजारो माणसांत मिळणार नाही असा दाता सख्ख्या भावाबहिणीत सापडू शकतो, आणि ते अडचणीची वेळ येण्याआधी माहीत असलेले बरे.