दारव्ह्याच्या नावाची खोली

‘परवडणारे घर’ या शब्दांना शासनाच्या कागदपत्रांत एक अर्थ आहे आणि गाव सोडून मोठ्या शहरात उतरलेल्या माणसाच्या लेखी दुसरा. शासनाच्या लेखी ते ठरावीक क्षेत्रफळाचे, ठरावीक उत्पन्न गटासाठी राखलेले आणि बहुधा विकत घ्यायचे घर असते. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याहून पुण्या-मुंबईस शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या तरुणाच्या लेखी मात्र ते पहिल्या महिन्यापासून राहायला मिळेल, भाडे चुकते करून जेवणाखाणाला व घरी पाठवायला काही शिल्लक राहील आणि कामावर वेळेत पोहोचता येईल, असे भाड्याचे घर असते. महानगरात नव्याने येणाऱ्याची जी ओढाताण होते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या दोन अर्थांमधल्या अंतरातच आहे.

दारव्हा आणि मुंबई यांचा संबंध जुना असला तरी तो माणसांपेक्षा कापसाचा अधिक होता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केल्यानंतर जो गिरणी उद्योग वाढत गेला, त्याला वऱ्हाडातला कापूस हवा होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी जी नॅरोगेज गाडी सुरू झाली, जिला पुढे लोक ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती मुख्यतः याच कापसासाठी होती. दारव्ह्याहून कापूस मूर्तिजापूरला जाई आणि तेथून मुख्य लोहमार्गाने मुंबईकडे. परंतु तो कापूस पिंजणारे, कातणारे आणि विणणारे हात प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेले होते. या फरकाचा घराच्या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे, कारण ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली, त्या गावांनी शहरात आपल्यासाठी एक जागा करून ठेवली होती.

ही जागा म्हणजे गिरणगावातल्या चाळीतील गावकीची खोली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत आणि गावाहून येणारा प्रत्येक नवा माणूस प्रथम तेथेच उतरे. खोली दहा-बारा फुटांची असली तरी भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या ट्रंका, त्यांच्यावर गुंडाळलेल्या वळकट्या आणि खुंट्यांना अडकवलेले कपडे एवढ्यात वीस-पंचवीस जणांचा संसार मावे, कारण सगळे एकाच वेळी खोलीत नसत; रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या जागेवर तो अंथरूण पसरी. जेवण जवळच्या खानावळीत असे, जी बहुधा गिरणी कामगाराच्या घरची बाई चालवी आणि पगाराच्या दिवशी हिशेब करी. गोव्याहून येणाऱ्या दर्यावर्दी व नोकरदार ख्रिस्ती मंडळींचे ‘कूड’, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणारे निवास, याच धर्तीचे होते. गिरणगावातल्या खोलीत दाटी होती, आजारपण होते, खासगीपणा अजिबात नव्हता, आणि त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही; तथापि नवख्या माणसाला अनामत, ओळख आणि जामीन या तीनही गोष्टी ती खोली विनामूल्य देत असे, आणि आज दारव्ह्याच्या मुलाला शहरात याच तीन गोष्टी सर्वांत महाग पडतात.

शहराने स्वतः बांधलेली घरे हा दुसरा मार्ग होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्या पाडून काही ठिकाणी चाळी उभारल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब सुमारे दोन दशके राहिले. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते निघाले, ज्याच्या आद्याक्षरांवरून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथील बीडीडी चाळींना नाव मिळाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळींत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या, आणि त्यांतल्या वरळीच्या कित्येक खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या, कारण त्या गिरण्यांपासून दूर होत्या, भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर होते आणि तेथवर जाण्यायेण्याची सोय नव्हती. सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारने वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबण्यासाठी केला. घराची किंमत कामाच्या ठिकाणापासूनच्या अंतरासकट मोजावी लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तरीही आज विरार, बदलापूर किंवा पनवेलच्या पलीकडे बांधलेल्या इमारतींच्या जाहिरातींत दर चौरस फुटाचा भाव मोठ्या अक्षरांत छापला जातो आणि दररोज गाडीत जाणाऱ्या तीन-चार तासांचा कोठेही उल्लेख नसतो. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात असून वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. जुन्या रहिवाशांना मिळालेला हा न्याय आहे. नव्याने येणाऱ्याचा त्यात वाटा नाही.

तिसरा मार्ग कायद्याचा होता, आणि त्याचे परिणाम सर्वांत खोलवर गेले. मुंबईतील भाडे नियंत्रणाची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळातली असली, तरी निर्णायक ठरला तो १९४७ चा कायदा. त्याने ‘प्रमाणित भाडे’, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल असे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धानंतरच्या महागाईत व फाळणीच्या गर्दीत या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर राखले यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा अर्धशतकाहून अधिक काळ मुदतवाढीवर चालला, तेव्हा मालकांनी दुरुस्त्या थांबवल्या, भाड्यासाठी घरे बांधणे बंद झाले आणि ‘पागडी’, म्हणजे खोलीचा ताबा देण्यासाठी घेतली जाणारी मोठी रक्कम, हा व्यवहाराचा भाग होऊन बसला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आधीपासून राहणाऱ्याला संरक्षण आणि बाहेर उभ्या असलेल्याला बंद दार, अशी जी रचना या अर्धशतकात तयार झाली, तिची सावली अजून सरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. घर भाड्याने दिले की ते हातचे जाईल, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

आज जो भाडेव्यवहार चालतो तो मुख्यतः ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने, ज्यात राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळत नाही, केवळ ठरावीक मुदतीपर्यंत वापराची परवानगी मिळते. करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे आणि महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे: १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी हवा व नोंदलेला हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर राहण्याच्या अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. खर्चाचा बाऊही उगाच केला जातो. समजा, भाडे महिना १५,००० रुपये, परत मिळणारी अनामत ५०,००० रुपये आणि मुदत ११ महिने आहे. तर एकूण भाडे १,६५,००० रुपये आणि अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले सुमारे ४,५८३ रुपये व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, जे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास येते, आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. आधार ओळखीच्या साहाय्याने ही नोंदणी घरबसल्या होते. परगावाहून आलेल्या मुलाने दलालाला महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यायचे आणि स्वतःचे एकमेव संरक्षण असलेला कागद मात्र ‘साध्या स्टँपवर’ करून घ्यायचा, हा व्यवहार मोडायला हवा.

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणाऱ्यांत दोन प्रकारचे तरुण असतात: हिंजवडी, चाकण, रांजणगावकडे नोकरीसाठी जाणारे आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी सदाशिव, नारायण पेठेत उतरणारे. दुसऱ्या गटासाठी पुण्याने ‘कॉट बेसिस’ नावाची पद्धत घडवली आहे, जिच्यात खोली नव्हे तर एक खाट भाड्याने मिळते. जुन्या वाड्याच्या माडीवर चार खाटा, प्रत्येक खाटेखाली एक बॅग व पाण्याची बाटली, खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीपर्यंत ताणलेली दोरी, तिच्यावर न वाळलेले टॉवेल, आणि खोलीत टेबल नसल्यामुळे दिवसभरासाठी बाहेर अभ्यासिकेचे वेगळे पैसे, मेसचे वेगळे. गिरणगावातल्या खोलीशी याचे साम्य डोळ्यांत भरते, परंतु ती खोली गावाची होती आणि ही खाट बाजाराची आहे. खाटेचे पैसे थकले तर सांभाळून घेणारे तेथे कोणी नसते.

शासनाने याची दखल घेतलेली आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि इतर मागास, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बंजारा समाजाची मोठी वस्ती असलेल्या दारव्हा तालुक्यात या शेवटच्या योजनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, त्यांत निवासाचे २०,००० धरलेले आहेत, म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. या रकमेत पेठेतली खाट मिळणे अवघड आहे, आणि ती हप्त्याने व उशिरा हातात पडली तर तोवरचे भाडे उसनवारीवर चालते. रकमेपेक्षा जागा देणे अधिक उपयोगाचे ठरते, हे पुण्याच्या विद्यार्थी सहायक समितीने दाखवून दिले आहे: डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या वसतिगृहांतून खेड्यापाड्यांतील मुले-मुली अल्प खर्चात, स्वतःच्या कामाचा वाटा उचलून शिकत आली आहेत.

पैसे असूनही खोली न मिळण्याची एक वेगळी यातना आहे. १९१७ मध्ये परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांना शहर सोडावे लागले. शंभर वर्षे लोटल्यानंतरही आडनाव विचारून फोन ठेवला जातो, ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’ अशा अटींआडून जात आणि धर्म तपासला जातो, एकट्या मुलीला रात्री परतण्याच्या वेळेबद्दल उलटतपासणी द्यावी लागते. याचा परिणाम भाड्यावरही होतो, कारण ज्यांना दहा दारे बंद असतात त्यांना अकराव्या दारी मागितले जाईल ते मोजावे लागते.

काही वर्षांच्या नोकरीनंतर विकतच्या घराचा विचार सुरू होतो. त्यासाठी ५ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झालेल्या म्हाडाच्या सोडतीचा मार्ग खुला आहे आणि दारव्ह्यातल्या वाचकांत त्याविषयी एक गैरसमज घट्ट बसलेला दिसतो: गावी घर असले की अर्ज करता येत नाही. म्हाडाची अट संबंधित शहराच्या हद्दीत अर्जदाराच्या, त्याच्या जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर नसावे, एवढीच आहे. दारव्ह्यातले घर पुण्याच्या सोडतीच्या आड येत नाही. मात्र सोडतीतले घर प्रधानमंत्री आवास योजनेतील असेल तर देशात कोठेही पक्के घर नसावे, अशी कडक अट लागू होते, म्हणून जाहिरातीतील योजनेचे नाव नीट वाचणे आवश्यक असते. महानगर प्रदेशांत वार्षिक ६ लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न अत्यल्प गटात येते, आणि अधिवास व उत्पन्नाचे दाखले तहसीलमधून आधीच काढून ठेवलेले बरे. खासगी इमारतीत घर घेताना प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आहे का आणि करारात लिहिलेले क्षेत्रफळ चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र, आहे का हे पाहावे. नोंदवलेल्या करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १८,००० रुपये येतो आणि अखेरीस ४३ लाखांहून अधिक परतफेड होते. हा हिशेब दोन नोकऱ्यांच्या घरात जमतो. एका पगारात क्वचित.

परंतु दारव्ह्याहून पहिल्यांदा निघणाऱ्याची अडचण विकतच्या घरापर्यंत पोहोचतच नाही. ती अनामतीपाशी सुरू होते. पुण्यात खोलीची अनामत साधारणतः दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली जाते, मुंबईत बहुधा त्याहून अधिक, आणि महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत असल्यामुळे खोल्यांची शोधाशोध आणि भाववाढही त्याच दिवसांत होते. कापूस-सोयाबीनच्या घरात मात्र मृगाच्या आसपास हातात असेल-नसेल तो पैसा बियाणे, खते आणि पेरणीत गेलेला असतो. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर येते आणि कापसाचा पैसा त्यानंतर, वेचणीमागून वेचणी, जानेवारीपर्यंत येत राहतो. म्हणून पीककर्जातून अनामत भरली जाते, किंवा सोने गहाण पडते. पुढच्या वर्षी करार संपताना जुन्या खोलीची अनामत रंगकाम, वीजबिल, नळदुरुस्ती अशी कपात होऊन आठ-पंधरा दिवसांनी परत मिळते, तर नव्या खोलीची चावी हातात पडण्यापूर्वीच पूर्ण रक्कम मोजावी लागते. आणि त्या आठ-पंधरा दिवसांसाठी दारव्ह्यात पुन्हा कोणाकडे तरी शब्द टाकावा लागतो.